हरणांचं पाणी

कार्तिक लागला की आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींना अभयारण्य आठवतं. यंदाही आठवलं. "सर, तुम्ही त्या भागातले. तुम्हीच पुढे व्हा," असं पठारे म्हणाले आणि मी दरवर्षीसारखा पुढे झालो. पठारे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि गळ्यात दुर्बीण अडकवल्याशिवाय गाडीत बसत नाहीत. नगरहून दोन गाड्या निघाल्या. कर्जतच्या अलीकडे माळ सुरू झाला तशी सगळ्यांनी काचा खाली केल्या.

हरणं दिसली. माद्या बदामी, पिल्लं त्यांच्या पोटाखाली, आणि कळपाच्या कडेला शिंगांचा पीळ मिरवत उभा असलेला काळा नर. सगळ्यांनी हळू आवाजात "वा" म्हटलं. पवन्याचं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं, कुसळं पायजम्यात रुतत होती. मग झाडाखाली सतरंज्या पडल्या, डबे उघडले, वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. जेवण झाल्यावर पठाऱ्यांनी पाण्याची भरलेली बाटली उघडली आणि ती संपेपर्यंत हात धुतले. मातीत पाणी जिरताना एक आवाज येतो. मी उठून दुसरीकडे गेलो. मंडळींना वाटतं, सरांना पक्षी दिसला असावा.

मी त्यांना कधीच काही सांगितलेलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मी गवतांची नावं सांगतो, हिवर आणि बाभूळ लांबून कसे ओळखावेत ते सांगतो. त्यांना तेवढं पुरतं.

बहात्तरच्या दुष्काळातला कार्तिक मात्र अजून माझ्या नाकात आहे. त्याला वास होता धुळीचा आणि मिलोच्या भाकरीचा. रेशनवरची ती तांबडी ज्वारी दळताना जात्यातूनही परकी वाटायची. आई म्हणायची, "हिला भाकर म्हनायचं म्हंजी भाकरीचा आपमान." सकाळ झाली की दुष्काळी कामावर खडी फोडण्याचा आवाज सुरू व्हायचा, ठक ठक ठक, दिवसभर, जणू कुणी माळाच्याच डोक्यावर हातोडी मारतंय. गुरं छावणीत नाहीतर बाजारात गेलेली. आभाळ तेवढं सुंदर होतं. इतकं निळं, इतकं स्वच्छ आभाळ मी नंतर कधी पाहिलं नाही आणि मला ते पुन्हा पाहायचंही नाही.

तेव्हा त्या माळाला अभयारण्य म्हणत नसत. राखीव कुरण होतं ते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिथे रोजंदारीवर राखणदार होते. खाकी सदरा, छातीवर पितळी बिल्ला, हातात काठी. नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांना कायम करण्याचे कागद त्याच साली वर गेले होते. आमच्या घरात कुणी कायम असं कधी काही झालेलंच नव्हतं. पाऊस कायम नाही, पीक कायम नाही. आई त्या शब्दाचा उच्चार देवाच्या नावासारखा करायची.

राखण करायची म्हणजे गुरं बाहेर ठेवायची. त्या वर्षी ती गुरं कुणाची होती? आमच्याच भावकीची. चुलत्याची गाय कुरणाच्या बांधापाशी येऊन उभी राहायची, तिच्या फासळ्या मोजता यायच्या, आणि दादा तिला काठीने परत फिरवायचे. गावातली माणसं दादांशी बोलेनाशी झाली. "हरनं तुजी सोयरी, आमी कोन?" असं चुलता एकदा देवळासमोर सगळ्यांदेखत म्हणाला. दादा घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्येचंबी खरं हाय."

कुरणाच्या चौकीपाशी पत्र्याची दोन पिंपं होती, पोत्यांनी झाकलेली. दर गुरुवारी बैलगाडीतून पाणी यायचं आणि ती भरली जायची. ते पाणी आठ दिवस पुरवायचं. दादा पहाटे आणि सांजेला बादलीने मोजून दगडी कुंडीत ओतायचे आणि लांब जाऊन बसायचे. मग हरणं यायची. आधी एक म्हातारी मादी, मग बाकीची. दादा स्वतःचं पाणी घरून कळशीत न्यायचे. कळशी दुपारीच संपली तर संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे, पण पिंपाला तोंड लावायचे नाहीत. मी एकदा सुट्टीत गेलो असताना पेला बुडवायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "त्ये हरनांचं हाय. आपलं आपन आनायचं."

मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. ती पायरी मला ज्यांनी चढवली ते निगुडकर सर. हे मी आज वयाच्या सत्तरीनंतरही हात जोडूनच लिहितो आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने त्यात उणेपणा येऊ नये अशी माझी इच्छा आहे. प्रवेशाच्या दिवशी दादा आणि मी कचेरीबाहेर नुसतेच उभे होतो. सरांनी विचारलं, "काय हवंय?" आम्हाला ते नीट सांगताही येईना. त्यांनी स्वतः माझा अर्ज भरला आणि दुपारी घरी जेवायला नेलं. दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा वसतिगृहातून उचलून मला घरी ठेवून घेतलं. बावीस दिवस. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला मऊ भात भरवायच्या. दादा भेटायला आले ते उंबऱ्यावरच बसले. निघताना त्यांनी सरांचे पाय धरले. सर दादांपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होते. ते एकदम मागे सरले, "अहो, हे काय करता!" एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना दादा मला म्हणाले, "ह्या मानसानं तुला माघारी आनलंय. आपल्याकडं काय मागायला ते येनार न्हाईत. पन कदी आले तर आपन न्हाई म्हनायचं न्हाई."

आणि सर आले. मीच आणलं.

सर दर कार्तिकात आमच्या वर्गाचं आवळीभोजन करायचे. आवळ्याखाली बसून जेवायचं, आणि त्या निमित्ताने दिवसभर वनस्पती गोळा करायच्या. त्या साली सगळेच म्हणत होते की दुष्काळात कसली सहल. सर म्हणाले, "वाळलेलं झाडही झाडच असतं. दुष्काळातलं रान आपण नाही पाहायचं, तर कुणी पाहायचं?" जागेचा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला. आमच्या कुरणात चौकीपाशी एक आवळा होता, दादांनीच लावलेला. मला माझ्या वर्गाला हरणं दाखवायची होती. बाकी माझ्यापाशी दाखवण्यासारखं काय होतं? सरांनी रीतसर परवानगी काढली. परवानगीच्या कागदात एक अट होती, पाणी स्वतःचं आणावं. सरांनी ती आम्हाला वर्गात वाचून दाखवली आणि एक मोठं पिंप भरून घ्यायला लावलं.

रविवारी सकाळी ट्रकमधून पस्तीस जण निघालो. भिंगारचा शमुवेल माझ्या शेजारी बसला होता. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि तो सारखा कुणाची ना कुणाची टिंगल करत असायचा. "काय रे, तुझी हरणं रविवारी असतात ना कामावर? का आमच्यासारखी चर्चला जातात?" सगळे हसले, मीही हसलो. मिरजगाव सोडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि एका ओघळीत ट्रक असा आदळला की पिंप आडवं झालं. दोघांनी धरायचा प्रयत्न केला. पाणी फळीच्या फटींतून धो धो खाली गेलं. आमचे पाय भिजले. मुली ओरडल्या, मग हसल्या. तळाशी राहिलं होतं ते अर्धी कळशी.

चौकीपाशी उतरल्यावर सर दादांना म्हणाले, "पाणी सांडलं हो आमचं. मुलांना हरणं दाखवतो आणि तासाभरात परत फिरतो. स्वयंपाक राहू द्या." सर खरंच निघणार होते. हे मी शपथेवर सांगेन.

दादा हसले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "आसं कसं जाल सर? पयल्यांदा आलासा. पानी हाय की."

"पुरेल का? आम्ही पस्तीस जण आहोत."

"मायंदाळ हाय."

मी दादांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला सांगितलं गेलं की गप्प बैस. मी गप्प बसलो. पण त्या नजरेमुळेच बसलो असं म्हणणं खोटं ठरेल. मला ती सहल हवी होती. "सर, ते पाणी मुक्या जनावरांचं आहे, गुरुवारपर्यंत दुसरं येत नाही," एवढंच वाक्य म्हणायचं होतं. ते ऐकून सर एक घोटही प्याले नसते. मी ते म्हणालो नाही. मी पोतं बाजूला केलं आणि पहिली बादली मीच भरली.

पुढचे सहा तास आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या तासांपैकी होते, हे सांगायला मला लाज वाटते. आम्ही माळ तुडवला. सरांनी एका वाळक्या काडीवरून चार गवतं ओळखली. लांबून हरणांचा कळप उड्या मारत गेला आणि शमुवेलसुद्धा पाच मिनिटं गप्प राहिला. आवळ्याखाली चुली पेटल्या. पिठलं-भाताचा बेत होता. मुलींनी तांदूळ धुतले, एकदा, दोनदा, पाणी निवळेपर्यंत, घरी धुतात तसे. दादांनी हळूच त्यांच्यासमोर घमेलं सरकवलं. "पोरींनो, ह्यात वता, ह्यात." "का हो काका?" "आवळ्याला घालीन." त्यांनी ते घमेलं उचलून कुंडीपाशी नेलं आणि कुंडीत ओतलं. जेवणं झाल्यावर भांडी घासली गेली, तोंडं धुतली गेली, कुणी कुणाच्या अंगावर पाणी उडवलं. शमुवेलने रिकाम्या पिंपात डोकावून हाक मारली आणि आत घुमलेला स्वतःचा आवाज ऐकला.

"हे पिंप एरवी कशासाठी असतं रे?" त्याने विचारलं.

"प्यायला," मी म्हणालो.

"इथं कोण राहतं प्यायला?"

मी त्याला ताट पुसायला दिलं.

जाताना सरांनी दादांचे दोन्ही हात हातात घेतले. "फार केलंत." दादांचा चेहरा मला ट्रकमधून दिसत होता. इतकं सुखी मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. त्यांचा शब्द पाळला गेला होता.

आभार हा फार विचित्र पदार्थ आहे असं मला आता वाटतं. ज्याच्यापाशी भरपूर आहे तो आभार मानून मोकळा होतो. ज्याच्यापाशी काहीच नाही तो दुसऱ्याच्या वाट्याचं आणून देतो, आणि ते दुसरे बोलू शकत नसले तर आणखी सोपं जातं. सर निवृत्त झाले तेव्हा मोठा सत्कार झाला. तोवर मीही त्यांच्याच शिफारशीने प्राध्यापक झालो होतो, आणि व्यासपीठावर होतो. सर भाषणात म्हणाले, "आयुष्यात पुष्कळ पाहुणचार झाले, पण बहात्तरच्या दुष्काळात एका राखणदाराने आम्हाला पाजलेल्या पाण्याची गोडी काही निराळीच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझ्याकडे बोट केलं, "हे त्यांचेच चिरंजीव." पुन्हा टाळ्या. मी उठून नमस्कार केला. तेव्हा दादांना जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या गुरुवारी बैलगाडी आली नाही. ज्या विहिरीतून पाणी यायचं तिने तळ गाठला होता. सहलीनंतर सोमवारपासून चार दिवस दादांनी गावातून कावडीने पाणी आणायचा प्रयत्न केला होता, पण गावच्या विहिरीवर रांग, आणि रांगेत भावकी. "हरनांसाठी व्हय? मग हरनांनाच रांगेत हुबं कर," असं त्यांना ऐकवलं गेलं. दिवसाला दोन खेपा मिळायच्या. शुक्रवारी पहाटे कळप कुरणातून बाहेर पडला आणि गावाखालच्या तळ्याकडे गेला. तळ्यात पाणी नव्हतं, मधोमध नुसतं चकाकत होतं. हरणं त्या चकाकीकडे गेली आणि गाळात रुतली. दोन माद्या आणि काळा नर. दादा पोचले तेव्हा नराची मान आणि शिंगं तेवढी वर होती. फळी टाकून, दोर टाकून त्यांनी एका मादीला काढलं. ती काठावर येऊन मेली. काठावर गाव उभं होतं. कुणी उतरलं नाही.

वनखात्याचे साहेब जीपने येऊन पाहून गेले. कुंडी कोरडी, पिंपं कोरडी. दादांना म्हणाले, सोमवारी येतो, काय झालं ते लेखी द्या.

आईने निरोप पाठवला आणि मी शनिवारी घरी आलो. दादा दुपारच्या उन्हात भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या पायांवरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"कागूद आनलास?"

मी म्हणालो, "मी सरांना सांगतो. ते येऊन साहेबांना खरं काय ते सांगतील."

"काय सांगतील? पानी संगं आना म्हनून लिव्हलेलं आसताना हरनांचं पानी प्यालो, आसं? त्यांच्या नोकरीला डाग लावतोस?"

"पण तुमची नोकरी..."

"त्यांनी मागितलं न्हवतं. म्या दिलं. मायंदाळ हाय म्हनालो. खोटं मी बोललो, त्ये न्हाई." मग म्हणाले, "तुजं शेवटचं वरीस हाय."

मी पुन्हा वाद घातला नाही. एकदाच घातला होता. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ही सुटका आजवर मी कुणापाशी कबूल केलेली नव्हती.

"लिव्ह. पिंपांना भोकं पडली हुती. माज्या ध्यानात आलं न्हाई."

"एवढंच नाही चालत, दादा. का ध्यानात आलं नाही, ते लिहावं लागतं."

"मग तुला येतंय तसं लिव्ह."

मी लिहिलं. सदर पिंपांस छिद्रे पडल्याचे माझ्या हलगर्जीपणामुळे वेळेत लक्षात आले नाही. तो शब्द दादांना ठाऊक नव्हता. तो मी घातला. कॉलेजच्या अर्जांमधून, निबंधांमधून मी असे शब्द शिकलो होतो आणि ते वापरायला मला आवडायचं.

मी वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "हलगर्जी म्हंजी?"

"लक्ष न देणं."

"नऊ वरसं लक्ष दिलं न्हाई, आसं तर हुत न्हाई ना?"

"नाही. तेवढ्यापुरतंच."

"मग र्‍हाऊ दे."

शाईची गादी नव्हती. मी पेनातली शाई त्यांच्या अंगठ्यावर सोडली आणि अंगठा कागदावर टेकवला. अंगठ्याच्या रेघांत गाळ भरलेला होता, त्यामुळे ठसा नीट उठला नाही, आणि मी तो पुन्हा घेतला.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर चौकीवर गेलो. साहेबांनी उभ्या उभ्या कागद वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"पोरानं," दादा म्हणाले. "ह्योच. कालेजात हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "उत्तम लिहिलं आहे. असं स्पष्ट कुणी लिहून देत नाही. आता पुढे चौकशी करायची गरजच उरली नाही." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दादांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, आणि तो वाकडा पडला म्हणून बोटाने सरळ केला.

दुसऱ्या दिवसापासून ते खडी फोडायला गेले. ठक ठक ठक. मार्चमध्ये मी परीक्षेला बसलो आणि वर्गात दुसरा आलो.

पण त्या सोमवारी चौकीवरून घरी येताना दादा माझ्यापुढे भरभर चालत होते. आई दारातच उभी होती. तिने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "साह्येब म्हनला, आसं लिव्हनारं पोरगं म्या बघितलं न्हाई."

"आन तुमचं कायम व्हायचं?" आईने विचारलं.

दादा ओट्यावर बसले आणि वहाणा काढू लागले. "त्येचं काय इचारलं न्हाई म्या," ते म्हणाले. "पोराबद्दल बोलनं चाललं हुतं."